खाशांची पन्नास वर्षे: प्रतापसिंह राणे आणि सत्तरी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

निवडणूक जवळ आली की पणजीहून, मुंबईहून ओळखीची माणसं फोन करतात आणि गोव्यातल्या आमच्या सत्तरी तालुक्याबद्दल तेच ते विचारतात. आमच्या वाड्यावरची कॉलेजात राज्यशास्त्र शिकणारी पोरंही विचारतात. दर खेपेला नव्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलेलं बरं. मी पर्ये मतदारसंघातला मतदार. राण्यांच्या बाजूचाही नाही आणि विरोधातलाही नाही असं म्हणण्याची पद्धत आहे, पण सत्तरीत तसं कोणी नसतं. तेव्हा ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

प्रतापसिंह राणे कोण? एका दमात सांगा.

जन्म २८ जानेवारी १९३९. १९७२ साली पहिल्यांदा आमदार, तिथून २०२२ पर्यंत सलग आमदार. ११ निवडणुका लढवल्या, अकराही जिंकल्या. गोव्याचं मुख्यमंत्रिपद सर्वांत जास्त काळ त्यांच्याकडे होतं. सगळे तुकडे जोडले तर १५ वर्षांहून अधिक. नंतर सभापती, मग विरोधी पक्षनेते. इतकं सगळं एकाच तालुक्याच्या बळावर.

सत्तरी नेमकी कुठे येते? आणि पर्ये वेगळं, वाळपई वेगळी, हे काय?

गोव्याच्या ईशान्य टोकाला, सह्याद्रीच्या पायथ्याशी आणि बराचसा भाग अंगावरच. समुद्र नाही, शॅक नाहीत, विमानानं आलेला पाहुणा चुकूनच इकडे फिरकतो. चोर्ला घाट चढला की कर्नाटक. गोव्यातलं सर्वांत उंच शिखर सोसोगड इथलंच. सत्तर गावांचा मुलूख म्हणून सत्तरी, असं नाव सांगतात. तालुक्याचं ठाणं वाळपई.

गोव्याला राज्याचा दर्जा मिळाल्यावर विधानसभेच्या जागा ३० वरून ४० झाल्या आणि सत्तरीच्या वाट्याला पर्ये आणि वाळपई असे दोन मतदारसंघ आले. राणे पर्येतून उभे राहायचे. वाळपईची गोष्ट वेगळी, ती पुढे येईल.

राणे म्हणजे ते बंडवाले राणेच का?

तेच कूळ. पोर्तुगीज अमलात सत्तरी ‘नव्या काबिजादी’त, म्हणजे त्यांनी मागाहून जिंकलेल्या मुलखात मोडायची आणि लष्करी चाकरीच्या बदल्यात गावांच्या महसुलाचे हक्क, म्हणजे मोकासे, राण्यांकडे होते. हे हक्क आणि वतनं सरकारनं कुरतडायला घेतली की राणे उठायचे. १८५२ साली दीपाजी राण्यांनी नाणूसचा किल्ला घेतला आणि ते बंड साडेतीन वर्षं चाललं. पुढे कुष्टोबा राण्यांचं बंड, मग १८९५ मध्ये मोझांबिकला जायला नकार दिलेल्या मराठा शिपायांबरोबर दादा राणे. शाळेत आम्हाला हे सगळं स्वातंत्र्यलढा म्हणून शिकवलं. मोठं झाल्यावर कळलं की त्यात वतनाचं दुखणंही होतं. दोन्ही खरं आहे, आणि सत्तरीतल्या माणसाला त्यात विसंगती वाटत नाही.

‘खाशे’ हे नाव आहे की पदवी?

राण्यांना आदरानं म्हणायचा शब्द. ‘खाशे आले’, ‘खाशांना सांगून बघ’. गोव्याचे पहिले मुख्यमंत्री बांदोडकर यांना भाऊसाहेब म्हणत, त्यांच्या मागून मुख्यमंत्री झालेल्या कन्या काकोडकर यांना ताई म्हणत. ही घरातली नाती झाली. खाशे हे नातं नाही, ती पायरी आहे. हा फरक ज्याच्या लक्षात आला त्याला पुढचं अर्धं पान वाचायची गरज नाही.

अमेरिकेत शिकून आलेला माणूस सत्तरीच्या राजकारणात कसा पडला?

दयानंद बांदोडकरांनी आणलं. बांदोडकर खाणमालक, महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाचे (मगो) नेते, डिसेंबर १९६३ पासून मुख्यमंत्री. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा ही मगोची मूळ मागणी १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात हरली, तरी बहुजन समाज त्या पक्षामागून हलला नाही. १९७२ च्या निवडणुकीत त्यांनी सत्तरीसाठी तेहेतीस वर्षांचे प्रतापसिंह राणे निवडले. राणे निवडून आले आणि लगेच मंत्रीही झाले.

इथे मला नेहमी हसू येतं. कुळांना संरक्षण देणारा १९६४ चा कायदा ज्या पक्षाच्या सरकारनं केला, शाळा गावोगाव नेऊन कष्टकऱ्याच्या पोराला अक्षर दिलं, त्याच पक्षानं सत्तरीत मात्र उमेदवार शोधला तो मोकासदारांच्या घरातला. बांदोडकर व्यवहारी होते. सत्तरीत दुसरं कोण निवडून आलं असतं, हे त्यांना नेमकं ठाऊक होतं.

मगो सोडून काँग्रेसमध्ये का गेले?

१२ ऑगस्ट १९७३ ला भाऊसाहेब गेले. त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि पक्षात धुसफूस वाढत गेली. त्याच दशकात राण्यांनी काँग्रेसची वाट धरली. शेवटी एप्रिल १९७९ मध्ये आपल्याच आमदारांच्या फुटीनं ताईंचं सरकार पडलं. गोव्यात फुटीचं राजकारण आत्ताचं आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे साल लिहून ठेवावं.

पहिल्यांदा मुख्यमंत्री कसे झाले?

जानेवारी १९८० च्या निवडणुकीत मगोची सोळा वर्षांची सद्दी संपली. जिंकली ती इंदिरा गांधींपासून वेगळी झालेली काँग्रेस (अर्स), आणि दिल्लीत इंदिरा गांधी परत आलेल्या पाहून ही सगळी मंडळी लगोलग इंदिरा काँग्रेसमध्ये दाखल झाली. १६ जानेवारी १९८० ला राण्यांनी शपथ घेतली, गोव्यातले पहिले काँग्रेसी मुख्यमंत्री म्हणून. जनमत कौलाची तारीखही १६ जानेवारीच. मगोतून निघालेल्या माणसानं त्या दिवशी शपथ घ्यावी, हा योगायोग आमच्याकडचे जुने मगोवाले अजून सांगतात, आणि सांगताना त्यांचा चेहरा बघण्यासारखा असतो.

एकूण किती वेळा मुख्यमंत्री?

मोजणाऱ्यावर अवलंबून आहे, कारण शपथा अनेक झाल्या. कालखंड असे: जानेवारी १९८० ते मार्च १९९० सलग, डिसेंबर १९९४ ते जुलै १९९८, २००५ मध्ये फेब्रुवारी-मार्चचा एक महिना, आणि जून २००५ ते जून २००७.

१९८० ते १९९० या दहा वर्षांत काय काय घडलं?

बरंच. १९८३ च्या राष्ट्रकुल परिषदेतले राष्ट्रप्रमुख विश्रांतीसाठी गोव्यात येऊन राहिले, आणि जगाच्या पर्यटन नकाशावर गोवा ठळक झाला तो तेव्हापासून असं पणजीवाले म्हणतात. १९८५ मध्ये गोवा विद्यापीठ सुरू झालं. ५ जुलै १९८६ ला ऐन पावसात मांडवीवरचा पूल कोसळला. तो १९७० साली बांधलेला, म्हणजे सोळा वर्षांचाही धड नव्हता. नवा पूल १९९२ मध्ये खुला होईपर्यंत म्हापशाहून येणारी माणसं बेतीला उतरून फेरीबोटीनं पणजी गाठायची. ३० मे १९८७ ला गोवा भारताचं पंचविसावं राज्य झालं, दमण आणि दीव वेगळे झाले, आणि राणे घटक राज्याचे पहिले मुख्यमंत्री.

सत्तरीच्या बाजूनं विचाराल तर केरीजवळचं अंजुणे धरण. पाण्याखाली गेलेल्या गावांची माणसं मोर्ल्याला वसवली. खालच्या गावांना वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भातशेतीला पाणी मिळालं, वरच्यांचं घरदार गेलं. धरणाचं कौतुक करणारा आणि धरणावर चिडणारा एकाच बसमध्ये शेजारी शेजारी बसलेला मी पाहिला आहे.

राजभाषेच्या वेळी राण्यांनी मराठीचा घात केला, हे खरं का?

हा प्रश्न मराठी वाचकच विचारतात, आणि आवाज चढवून विचारतात. घडलं ते असं. १९८५ पासून कोकणीवाद्यांचं आणि मराठीवाद्यांचं आंदोलन समोरासमोर पेटलं, १९८६ च्या अखेरीस हिंसाही झाली. ४ फेब्रुवारी १९८७ ला विधानसभेनं राजभाषा कायदा मंजूर केला: देवनागरी लिपीतली कोकणी ही राजभाषा, आणि सरकारी कामकाजाच्या सर्व किंवा कोणत्याही कारणांसाठी मराठीचाही वापर करता येईल अशी तरतूद. मराठीवाद्यांना हे अर्धं ताट वाटलं. रोमी लिपीत कोकणी लिहिणाऱ्या ख्रिस्ती बांधवांना तर ताटच मिळालं नाही असं वाटलं.

माझं मत विचाराल तर घात हा शब्द मोठा आहे. तडजोड होती, आणि राणे हे तडजोडीचेच मुख्यमंत्री होते. पण माझ्या मनात राहिलेली गोष्ट वेगळी आहे. सत्तरी म्हणजे मराठी प्राथमिक शाळांचा, भजनांचा, रणमाले या लोकनाट्याचा आणि उत्सवी नाटकांचा तालुका. इथली बाई घरात कोकणी बोलते आणि देवापुढे मराठीत गाऱ्हाणं वाचून घेते. हा तालुका रागावला होता, नक्की रागावला होता. तरी पुढच्या निवडणुकीत राणेच आले. भाषेवर रागावलेली सत्तरी मतपेटीपाशी पोचेपर्यंत निवली होती.

१९९० मध्ये खुर्ची कशी गेली?

दोन महिन्यांत. १९८९ च्या अखेरच्या निवडणुकीनंतर काँग्रेसचं सरकार काठावरच होतं. मार्च १९९० मध्ये सभापती लुईस प्रोत बार्बोझांसह सात आमदार फुटले. २७ मार्चला चर्चिल आलेमाव मुख्यमंत्री, एप्रिलच्या मध्याला बार्बोझा मुख्यमंत्री. त्या दशकात मुख्यमंत्र्यांची नावं पाठ करणं हा स्पर्धा परीक्षांच्या मुलांना छळच झाला. १९९८ मध्ये राण्यांचं सरकार पुन्हा आपल्याच माणसांनी, विल्फ्रेड डिसोझांच्या गटानं पाडलं. २००५ मध्ये मनोहर पर्रीकरांचं सरकार राज्यपालांनी बडतर्फ केल्यावर आलेली खुर्ची महिनाभर टिकली, मग राष्ट्रपती राजवट. म्हणजे पणजीत हा माणूस अनेकदा पडला. सत्तरीत एकदाही नाही.

ते का? पन्नास वर्षांत एकदाही कसं नाही?

पैसा, दहशत, जमीनदारी, अशी एका शब्दाची उत्तरं बाहेरचे लोक देतात. थोडं थोडं सगळंच असेल, पण मी जे पाहिलं ते सांगतो.

आमच्याकडे आमदार हा कायदे करणारा माणूस आहे हे कुणाच्या गावी नसतं. आमदार म्हणजे चिठ्ठी. पोराला शिपायाची नोकरी, शिक्षिकेची बदली, गोमेकॉत, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात खाट, वाड्यावर विजेचा खांब, देवळाच्या सभामंडपाला पत्रे. सरकारी नोकरी हे गोव्याच्या राजकारणातलं खरं चलन आहे आणि खाण-जंगलाच्या मधे अडकलेल्या तालुक्यात दुसरं चलनच नव्हतं. सकाळी सातला माणसं खाशांच्या अंगणात जाऊन उभी राहायची. बोलणं कमी. खाशे ऐकायचे, एखादा प्रश्न विचारायचे, मान हलवायचे. काम झालं तर खाशांनी केलं, नाही झालं तर मधल्या कारकुनानं अडवलं. हा हिशेब मी लहानपणापासून ऐकला आहे, आणि त्यात खाशांच्या खात्यावर कधीच काही नावे पडत नसे.

दुसरी गोष्ट, ते गर्विष्ठ वाटायचे नाहीत. भाषणबाजी नाही, शिवीगाळ नाही, विरोधकाच्या घरच्या मयतालाही हजर. शिवाय ते शेती-बागायतीतले माणूस. माडाला काय झालंय ते सांगितलं तर कळायचं. सभागृहात कॉर्पोरेट वाटावेत इतके नेटके, आणि सुपारीचा दर तोंडपाठ. असा दुसरा उमेदवार कुठल्याच पक्षाला सापडला नाही.

मग जमिनीचा प्रश्न का सुटला नाही?

सगळे प्रश्न एकीकडे आणि हा एकीकडे.

सत्तरीत माणूस पिढ्यानपिढ्या जी जमीन कसतो ती त्याच्या नावावर असेलच असं नाही. कुठे मोकासो, कुठे पोर्तुगीज काळात लागवडीसाठी दिलेली अल्वारा जमीन, कुठे वनखातं. एकेकाळी डोंगरावर कुमेरी, म्हणजे जंगल तोडून-जाळून केलेली फिरती शेती व्हायची, मग तिथे काजू लागले, पण कागदावर तो डोंगर कुणाचा हे कसणाऱ्याला विचारून कुणी लिहिलं नाही.

माझे वडील दर उन्हाळ्यात एक-चौदाचा, म्हणजे सातबाऱ्यासारखा जमिनीचा उतारा काढायचे. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला. एका कार्यालयात आम्ही दोघं तासभर बाकावर बसलो होतो ते मला आठवतं. मी आठवीत असेन. कारकुनानं उतारा उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि म्हणाला, ‘यात तुमचं नाव कुठंय?’ वडिलांनी बोट ठेवलं ते कब्जेदाराच्या रकान्यावर. तिथे ‘सरकार’ लिहिलं होतं. काजू आजोबांनी लावलेले, बोंडं आम्ही वेचायची, आणि रकान्यात सरकार. ‘फाईल वर पाठवली आहे,’ असं उत्तर मिळालं. वर म्हणजे कुठे, ते वडिलांनी विचारलं नाही. घरी येताना म्हणाले, ‘खाशांच्या कानावर घालायला हवं.’

मला खटकतं ते हेच. ज्या घराण्याचा इतिहास मोकाशांचा, त्या घरातला माणूस पंधरा वर्षं मुख्यमंत्री होता, आणि गाऱ्हाणं घेऊन जायचं दारही तेच. जमिनीचा निकाल लागला असता तर अंगणात उभं राहण्याची निम्मी कारणं संपली असती. त्यांनी मुद्दाम टाळलं असा आरोप मी करत नाही. वनकायदे आहेत, कोर्टकज्जे आहेत, आणि नंतर आलेल्या कुठल्याच पक्षानंही तो सोडवलेला नाही. २०२१ मध्ये विधानसभेत गडबडीनं मंजूर झालेलं, राहत्या घराच्या जागेचा हक्क देऊ पाहणारं भूमिपुत्र अधिकारिणी विधेयक पुढे गुंडाळूनच ठेवावं लागलं. पण ५० वर्षांचं मोजमाप करायचं तर हा रकाना कोराच राहतो.

अभयारण्याचा यात काय संबंध?

१९९९ मध्ये राष्ट्रपती राजवटीत राज्यपाल जेकब यांनी म्हादई अभयारण्य अधिसूचित केलं, सुमारे २०८ चौरस किलोमीटर. निवडून आलेलं सरकार असतं तर ते झालं असतं का, याबद्दल मला शंका आहे. जंगल वाचलं, पण आत अडकलेल्या गावांचे हक्क ठरवायचं काम रेंगाळलं. जानेवारी २०२० मध्ये गोळावलीत एक वाघीण आणि तिचे तीन बछडे मेलेले सापडले. जुलै २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठानं तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करा म्हणून सांगितलं आणि सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्या वेळी वनमंत्री होते प्रतापसिंहांचे चिरंजीव विश्वजित राणे.

मेळावलीचं आंदोलन राण्यांच्या विरोधात होतं का?

ते आयआयटीसाठी दिलेल्या जागेच्या विरोधात होतं. पण जानेवारी २०२१ मध्ये शेळ-मेळावलीच्या बायका पोलिसांसमोर उभ्या राहिल्या तेव्हा आमच्या म्हाताऱ्या माणसांनी एकमेकांकडे पाहिलं. सत्तरीतली माणसं चिठ्ठी न मागता, कुणाच्या अंगणात न जाता, थेट रस्त्यावर. काही दिवसांतच सरकारनं प्रकल्प हलवायचं जाहीर केलं. मेळावली वाळपई मतदारसंघात येते, पर्येत नव्हे.

बाप काँग्रेसमध्ये आणि मुलगा भाजपमध्ये, हे कसं चालायचं?

विश्वजित २००७ मध्ये वाळपईतून अपक्ष निवडून आले, पुढे काँग्रेसमध्ये गेले. २०१७ च्या निवडणुकीत काँग्रेसला ४० पैकी १७ जागा मिळाल्या, भाजपला १३, आणि सरकार बनवलं भाजपनं. विश्वासदर्शक ठरावाच्या दिवशी विश्वजित सभागृहातून बाहेर पडले, राजीनामा दिला आणि ऑगस्टच्या पोटनिवडणुकीत भाजपच्या तिकिटावर परत आले. वडील काँग्रेसच्या बाकावरच राहिले. पाच वर्षं हे चाललं. इथे कुणाला अवघड वाटलं नाही. पर्येतलं काम वडिलांकडे, आरोग्यखात्यातलं मुलाकडे.

सभापती म्हणून कसे होते?

२००७ ते २०१२. शिस्तीचे, मितभाषी. त्यांचा स्वभाव मुख्यमंत्रिपदापेक्षा त्या खुर्चीला जास्त शोभला, असं मला वाटतं.

२०२२ मध्ये नेमकं काय झालं?

काँग्रेसनं पर्येची उमेदवारी त्यांनाच जाहीर केली होती. भाजपनं त्यांच्या सूनबाई, डॉ. दिव्या राणे, यांना उतरवलं. सासरे-सून लढत होणार म्हणून दिल्लीच्या वाहिन्यांना उकळ्या फुटल्या, तोच राण्यांनी माघार घेतली. दिव्या राणे १३,९४३ मतांच्या फरकानं निवडून आल्या. त्या निवडणुकीत गोव्यातलं ते सर्वांत मोठं मताधिक्य. त्याच जानेवारीत सरकारनं प्रतापसिंह राण्यांना आजीवन कॅबिनेट दर्जा देण्याचा निर्णय घेतला होता, त्यावरून कोर्टबाजीही झाली.

मतदानाच्या दिवशी शाळेच्या व्हरांड्यात रांगेत माझ्यापुढे आमची एक म्हातारी काकी होती. तिनं आयुष्यभर हातावर शिक्का मारलेला. कानाशी येऊन हळूच विचारलं, ‘खाशांचें बटण खंयचें रे?’ मी म्हटलं, काकी, खाशे यंदा नाहीत. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, ‘जाल्यार घरचें खंयचें?’

तुमच्या वडिलांच्या त्या एक-चौदाचं पुढे काय झालं?

हे वाचलेल्या दोघा-तिघांनी विचारलं म्हणून लिहितो. वडील आता नाहीत. पिशवी ट्रंकेत आहे, आणि गेल्या वर्षी मी नवा उतारा काढला, हल्ली तो ऑनलाइन मिळतो. रकान्यात अजून सरकारच आहे. या एप्रिलमध्ये बोंडं कमी आली, अवकाळी पावसानं मोहोर झडला. जी आली ती फेणीच्या भट्टीवाल्याला दिली.